टेराफ्लॉप मोजून पोर्ट येत नाहीत

व्हॉल्व्ह कंपनीचे गेब न्यूवेल २००७ साली सोनीच्या प्लेस्टेशन ३ (पीएस३) या गेम कन्सोलबद्दल बोलताना म्हणाले होते की हे यंत्र म्हणजे सगळ्यांच्या वेळेची नासाडी आहे. बोलणारा माणूस साधासुधा नव्हता. 'हाफ-लाइफ' हा गेम आणि 'स्टीम' हे गेमचं ऑनलाइन दुकान ज्याच्या घरचं, त्याने असं जाहीरपणे म्हणणं सोनीला चांगलंच झोंबलं असणार. पुढे २०१०च्या ई३ प्रदर्शनात हेच न्यूवेल सोनीच्या मंचावर अवतरले. आमचा 'पोर्टल २' पीएस३वर येतोय, इतकंच नव्हे तर कन्सोलवरची सर्वांत चांगली आवृत्ती तीच असेल, असं सांगून मोकळे झाले. एप्रिल २०११मध्ये गेम आलाही.

या तीन वर्षांत पीएस३च्या आतला सेल प्रोसेसर सोपा झाला नव्हता आणि मेमरी एका बाइटनेही वाढली नव्हती. बदललं होतं ते आजूबाजूचं. ५९९ डॉलरचं यंत्र २९९वर आलं होतं, ते कोट्यवधी घरांत पोचलं होतं, आणि सोनीने व्हॉल्व्हच्या स्टीमला आपल्या कन्सोलवर शिरकाव करू दिला होता. तेवढ्यावर 'नासाडी' वसूल व्हायला लागली.

हा किस्सा ऐकला की एक पक्ष लगेच निकाल देतो: हार्डवेअर वगैरे सगळं झूट, गिऱ्हाईक असेल तिथे गेम जातो. दुसरा पक्ष नव्या कन्सोलची घोषणा झाली की टेराफ्लॉप, म्हणजे चिपचा आकडेमोडीचा वेग, मोजायला बसतो आणि कोणते गेम येणार, कोणते नाही, याची यादीच काढतो. मला दोन्ही पक्ष अर्धवट वाटतात, पण दुसरा जास्त. हार्डवेअरमुळे पोर्टचा, म्हणजे एका यंत्राचा गेम दुसऱ्या यंत्रावर आणण्याचा, खर्च ठरतो. तो खर्च करायचा की नाही, हे त्या यंत्रावर किती आणि कसे लोक पैसे टाकतात यावर ठरतं. आणि खर्च ठरवताना यंत्राची ताकद हा त्यातला सर्वांत दुय्यम भाग असतो. यंत्र इतरांपेक्षा किती विचित्र आहे, मेमरी किती आहे आणि गेम कशावर विकायचा आहे, या तीन गोष्टी डेव्हलपरला जास्त रडवतात.

विचित्रपणापासून सुरुवात करू, कारण त्याचा नमुना म्हणून पीएस३ला तोड नाही. २००६ सालच्या या यंत्रात सेल नावाचा प्रोसेसर होता. एक मुख्य गाभा (कोर) आणि त्याच्या हाताखाली छोटे सहायक गाभे. चिपवर ते आठ होते, त्यांतला एक उत्पादनात खराब निघू शकतो म्हणून आधीच बंद ठेवलेला, एक यंत्राच्या स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेला. गेमच्या वाट्याला उरले सहा. लग्नघरच्या स्वयंपाकात एक आचारी आणि सहा मदतनीस असावेत, पण मदतनिसांना कोठीत जायची मुभाच नसावी, तसा प्रकार. प्रत्येकाला २५६ किलोबाइटचा आपापला पाट, त्यावर मावेल तेवढंच सामान प्रोग्रामरने आधी आणून द्यायचं, काम झालं की उचलून न्यायचं, आणि कोणी रिकामा बसत नाही ना हेही बघायचं. ज्यांना हे जमलं त्यांनी चमत्कार केले. नॉटी डॉगचा २००९चा 'अनचार्टेड २' आजही बघवतो. पण नॉटी डॉग सोनीच्या मालकीची. तिला एकाच यंत्रासाठी जीव ओतणं परवडत होतं. जी कंपनी एकच गेम पीएस३, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० आणि पीसी अशा तिन्ही ठिकाणी विकणार होती, तिच्यासाठी हा सगळा जादा खर्च होता.

समोर ३६० एक वर्ष आधी येऊन बसलेला. त्यात तीन सारखे गाभे आणि ५१२ एमबीची सलग मेमरी. पीएस३मध्येही बेरीज तेवढीच, पण २५६ प्रोसेसरकडे आणि २५६ ग्राफिक्स चिपकडे अशी वाटणी केलेली. कागदावर दोन्ही यंत्रं बरोबरीची, किंबहुना पीएस३ सरस. प्रत्यक्षात बहुतेक कंपन्यांनी गेम आधी ३६०वर घडवला आणि मग पीएस३च्या गळ्यात बांधला. 'बायोनेटा'चा पीएस३ पोर्ट २००९मध्ये आला तो असाच, चाचपडत. 'स्कायरिम'चं तर विचारू नका. २०११मध्ये पीएस३वर तो खेळणाऱ्यांची सेव्ह फाइल जसजशी फुगत जाई तसतसा गेम रखडत जाई, आणि 'डॉनगार्ड' ही पुढची भर ३६०वर २०१२च्या जूनमध्ये आलेली, ती पीएस३वाल्यांना मिळायला २०१३चा फेब्रुवारी उजाडला.

सोनीच्या वरच्या मंडळींना याचं वैषम्य वाटत होतं का? फारसं नाही. प्लेस्टेशन विभागाचे तेव्हाचे प्रमुख काझ हिराई यांनी २००९ साली मुलाखतीत बेधडक सांगितलं की प्रोग्रामिंगला सोपं यंत्र आम्ही देतच नाही, कारण पहिल्याच दिवशी सगळं हाताशी आलं तर पुढची साडेनऊ वर्षं काय करायचं? हा युक्तिवाद आजही वाचताना गंमत वाटते. आपल्या माणसांनी बोजा वाहावा म्हणजे त्यांची पाठ मजबूत होईल, असं काहीसं तत्त्वज्ञान. पुढचं यंत्र घडवताना सोनीने नेमकं उलट केलं. मार्क सर्नी यांनी पीएस४ची आखणी डेव्हलपरांना विचारत विचारत केली. २०१३मध्ये त्यांनी एका भाषणात हिशेब मांडला होता: नव्या यंत्रावर पहिलं चित्र धडपणे उमटवायला पहिल्या प्लेस्टेशनवर एक-दोन महिने लागत, पीएस२वर तीन ते सहा, पीएस३वर सहा ते बारा आणि पीएस४वर परत एक-दोन. पीएस४मध्ये पीसीसारखाच एएमडीचा प्रोसेसर होता आणि ८ जीबीची एकसंध, वेगवान मेमरी. सेलबद्दल यापेक्षा परखड अभिप्राय कोणी दिला नसेल, आणि तो सोनीच्याच माणसाने दिला.

विचित्रपणाची किंमत एका पिढीत फिटतही नाही. 'द लास्ट ऑफ अस' पीएस३वरून पीएस४वर आणताना खुद्द नॉटी डॉगच्या लोकांना घाम फुटला, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. पीएस५ आजही पीएस३ची डिस्क चालवत नाही. सोनी ते गेम दुरून, इंटरनेटवरून दाखवते. २००८चा 'मेटल गिअर सॉलिड ४' वर्षानुवर्षं त्याच एका यंत्रात अडकून पडला. पोर्टचा विषय निघाला की आपण नवीन गेमबद्दलच बोलतो, पण जुने गेम जिवंत राहतात की नाही हेही हार्डवेअरवरच अवलंबून असतं.

आता पीएस२चं काय, असा प्रश्न इथे कोणीही जाणकार विचारेल, आणि विचारायलाच हवा. २०००मध्ये आलेला पीएस२ही काही सरळ यंत्र नव्हता. त्याच्या दोन व्हेक्टर युनिटांसाठी हाताने बारीक कोड लिहावा लागे, आणि ग्राफिक्स चिपला स्वतःची अवघी ४ एमबी मेमरी होती. सर्नींच्याच हिशेबाने तो पहिल्या प्लेस्टेशनपेक्षा तिप्पट वेळखाऊ. तरीही सगळे आले, कारण टाळणं परवडणारं नव्हतं. साडेपंधरा कोटींहून अधिक यंत्रं खपली. यंत्र अवघड होतं तरी गिऱ्हाईक अफाट होतं, आणि अवघडपणा सगळ्यांनी मुकाट्याने गिळला.

त्याच्याच काळातला सेगा कंपनीचा ड्रीमकास्ट याच्या बरोबर उलट. सेगाने सॅटर्न या आधीच्या कन्सोलच्या वेळी दोन प्रोसेसर आणि त्रिकोणांऐवजी चौकोनांवर चालणारं ग्राफिक्स असा घोळ घालून डेव्हलपरांचे हाल केले होते. वर अमेरिकेत सॅटर्न सप्टेंबर १९९५मध्ये येणार म्हणून सांगून मे महिन्यातच अचानक दुकानात मांडला. बाहेरच्या कंपन्यांचे गेम तयारच नव्हते. ड्रीमकास्टमध्ये या चुका निस्तरल्या होत्या. तो हाताळायला सोपा होता आणि त्याची हत्यारंही चांगली होती. पण इलेक्ट्रॉनिक आर्ट्स आलीच नाही. सेगा अमेरिकेचे तेव्हाचे प्रमुख बर्नी स्टोलर यांच्या सांगण्यानुसार ईएला खेळांच्या गेमची मक्तेदारी हवी होती, आणि सेगाने तर त्यासाठी स्वतःचा स्टुडिओच विकत घेतलेला होता. ईए नाही म्हणजे 'मॅडन' नाही, 'फिफा' नाही. २००१च्या मार्चमध्ये उत्पादन थांबलं तेव्हा ड्रीमकास्ट जेमतेम ९० लाखांच्या आसपास घरांत पोचला होता. चिपमध्ये खोट नव्हती. सेगाने आधीच्या काही वर्षांत यंत्रं काढून ती अर्ध्यावर सोडून दिली होती, आणि सॅटर्नच्या वेळी पोळलेल्या माणसाला ड्रीमकास्टची सोय दाखवून फारसा उपयोग नव्हता.

आपल्याकडचं एक उदाहरण मला इथे फार बोलकं वाटतं. मुंबईच्या ट्राइन कंपनीने 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' हा गल्ली क्रिकेटचा गेम काढला तो २०१०मध्ये, पीएस२ आणि पीएसपी या हातातल्या कन्सोलसाठी. तोवर पीएस३ येऊन चार वर्षं झाली होती. पण भारतातल्या घरांत टीव्हीखाली होता तो पीएस२. दहा वर्षं जुनं, ३२ एमबी मेमरीचं, अवघड म्हणून नाव असलेलं यंत्र एका देशी कंपनीला नव्यापेक्षा सोयीचं वाटलं. टेराफ्लॉपवाल्यांच्या यादीत हा निर्णय कुठेच बसत नाही.

तरी 'गिऱ्हाईक असेल तिथे गेम जातो' हे वाक्य एका यंत्रापाशी सपशेल आडवं होतं. त्या यंत्राचं नाव वी. निन्टेन्डोचा हा कन्सोल २००६मध्ये आला आणि दहा कोटींहून अधिक खपला, म्हणजे पीएस३ आणि ३६०च्या पुढे. मग त्या पिढीतले गाजलेले मोठे गेम त्यावर का नाहीत? वीचं अंतरंग त्याच्या आधीच्या गेमक्यूबचंच, जरा वेगवान केलेलं. एकूण मेमरी ८८ एमबी. एचडी चित्र नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, ३६० आणि पीएस३वरचे गेम ज्या प्रोग्रामेबल शेडरवर उभे होते, ती सोयच त्याच्या ग्राफिक्स चिपमध्ये नव्हती. पृष्ठभाग ओला कसा दिसतो, कातडीवर प्रकाश कसा पडतो, हे सगळं सांगण्याची पद्धतच वेगळी. त्यामुळे ३६०चा गेम वीवर आणणं म्हणजे तोच गेम नव्याने, दुसऱ्या काळात जाऊन लिहिणं. काहींनी प्रयत्न केले. ट्रेयार्कने 'कॉल ऑफ ड्यूटी ४' दोन वर्षं उशिरा वीवर आणला आणि तो चालला, याला दाद द्यायला हवी. पण कॅपकॉमचा 'डेड रायझिंग', ज्याची गंमतच मुळी मॉलमध्ये लोटणाऱ्या झोंबींच्या गर्दीत होती, तो वीवर आला तेव्हा गर्दीच विरळ झालेली. उरलेल्यांनी वीसाठी वेगळंच काहीतरी केलं. युबिसॉफ्टचा 'जस्ट डान्स' हा त्यातला शहाणपणाचा मार्ग: यंत्राच्या हातात धरायच्या रिमोटसाठीच घडवलेला, आणि तुफान खपलेला.

म्हणजे वीला गेम मिळाले, पण इतरांचे मिळाले नाहीत. पाठिंबा आणि पोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे दिसतं. त्यानंतरचा वी यू दोन्हीकडून मारला गेला. २०११मध्ये ईएच्या प्रमुखांनी निन्टेन्डोच्या मंचावर अभूतपूर्व भागीदारीच्या गप्पा मारल्या होत्या. २०१२मध्ये यंत्र आलं, त्याचा प्रोसेसर मंद असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या, आणि खपाचे आकडे बघून ईएने वर्षभरातच अंग काढून घेतलं. वी यू एकूण खपला सुमारे १ कोटी ३५ लाख. मंद प्रोसेसर पीएस२इतक्या गिऱ्हाइकांपुढे माफ झाला असता असं मला ठामपणे वाटतं.

मग स्विच आला आणि सगळ्यांचे अंदाज चुकले. मार्च २०१७. आत एनव्हिडियाची टेग्रा एक्स१, दोन वर्षं जुनी, मुळात हातातल्या उपकरणांसाठी केलेली चिप आणि ४ जीबी मेमरी. पीएस४च्या तुलनेत फारच किरकोळ. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पॅनिक बटन या टेक्सासच्या छोट्या कंपनीने त्यावर 'डूम' चालवून दाखवला. चित्र धूसर, सेकंदाला ६०ऐवजी ३० फ्रेम, पण गेम तोच, संपूर्ण. २०१९मध्ये सेबर इंटरॅक्टिव्हने 'विचर ३' सगळ्या भरींसकट ३२ जीबीच्या कार्डात बसवला. वी आणि स्विच दोन्ही आपापल्या पिढीत अशक्त होते, मग एकाला हे का जमलं नाही आणि दुसऱ्याला का जमलं? कारण स्विच अशक्त होता, विचित्र नव्हता. त्याची ग्राफिक्स चिप पीसीवरच्या एनव्हिडिया कार्डांचीच धाकटी बहीण. शेडर तेच, व्हल्कन ही ग्राफिक्सची प्रणाली चालते, अनरिअल आणि युनिटी ही गेम घडवण्याची तयार इंजिनं चालतात. फरक प्रमाणाचा होता, प्रकाराचा नव्हता, आणि प्रमाण कमी करता येतं.

याचा सर्वांत जवळचा दाखला पुण्याचा आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने 'राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक' अनरिअल इंजिनवर घडवला. २०१७मधली किकस्टार्टरवरची त्यांची लोकवर्गणीची मोहीम फसली होती. तरी ते चिकटून राहिले. हा गेम ऑगस्ट २०२०मध्ये पहिल्यांदा आला तो स्विचवर. पीसी, पीएस४ आणि एक्सबॉक्स वनची पाळी त्यानंतर, ऑक्टोबरात. चारांतलं सर्वांत दुबळं यंत्र पहिलं! निन्टेन्डोच्या दुकानात छोट्या गेमला मिळणारी जागा आणि तिथलं गिऱ्हाईक, एवढं कारण पुरेसं होतं. त्यातला विनोद असा की निन्टेन्डोने तेव्हा भारतात स्विच अधिकृतपणे विकायलाही काढला नव्हता. पुण्यात बनलेला गेम पहिल्या दिवशी खेळायला पुणेकराला बाहेरून आणलेलं यंत्र शोधावं लागत होतं.

अर्थात स्विचचंही सगळं गोड नव्हतं. पंधरा कोटींचा टप्पा ओलांडूनही त्यावर 'कॉल ऑफ ड्यूटी' आलाच नाही. याची चर्चा तर थेट सरकारी नियामकांपर्यंत गेली. मायक्रोसॉफ्ट या गेमची मालक अ‍ॅक्टिव्हिजन कंपनी विकत घेत होती तेव्हा, २०२३मध्ये, तिने निन्टेन्डोशी दहा वर्षांचा करार केला की आमचा 'कॉल ऑफ ड्यूटी' तुमच्या यंत्रांवर देऊ. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने शंका काढली की इतर कन्सोलांच्या तोडीचा गेम स्विचला पेलवेल याचा पुरावा काय? मायक्रोसॉफ्टने 'डूम इटर्नल', 'फोर्टनाइट' असे दाखले पुढे केले. एखादा पोर्ट होऊ शकतो की नाही यावर अब्जावधी डॉलरच्या सौद्यात वकिलांनी कीस पाडावा, हे माझ्या मते या विषयाचं सर्वांत मोठं प्रमोशन. आणि दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या होत्या, कारण 'पेलवेल का' याचं उत्तर किती माणसं, किती महिने बसवणार यावर असतं.

ताकदीपेक्षा मेमरी जास्त नडते, असं मी वर म्हटलं. त्याचा ताजा पुरावा म्हणजे एक्सबॉक्स सीरीज एस. नोव्हेंबर २०२०मध्ये सीरीज एक्ससोबत आलेला हा स्वस्त भाऊ. प्रोसेसर जवळपास तोच, एसएसडीचा (साठवणीचा) वेग तोच, ग्राफिक्स मात्र १२ टेराफ्लॉपऐवजी ४, आणि मेमरी १६ जीबीऐवजी १०, त्यातही गेमला ८च्या आसपास. टेराफ्लॉप एक तृतीयांश झाले, पण त्यावर तोड सोपी आहे. ४के चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात, १०८०पीमध्ये २१ लाख. चित्र लहान करा, काम चौथाईवर येतं, आणि सोफ्यावर बसलेल्या निम्म्या लोकांना कळतही नाही. मेमरीला ही युक्ती फक्त थोडी लागू पडते. पोताची चित्रं हलकी करता येतात. पण शहरातल्या दोनशे माणसांपैकी कोण कुठे उभा आहे, कोणाच्या मनात काय आहे, कोणत्या दारामागे काय ठेवलंय, ही माहिती पडदा लहान केला म्हणून लहान होत नाही.

'बाल्डर्स गेट ३'ची गाडी नेमकी इथे अडली. लारियन स्टुडिओचा हा गेम ऑगस्ट २०२३मध्ये पीसीवर आणि सप्टेंबरात पीएस५वर आला. एकाच घरात दोघांनी पडदा वाटून खेळायची त्यात सोय आहे, आणि दोन खेळाडू गावाच्या दोन टोकांना गेले की दोन्ही टोकं एकाच वेळी मेमरीत लागतात. सीरीज एसमध्ये ते मावेना. सीरीज एक्सवर चालत होतं, पण मायक्रोसॉफ्टचा नियम असा की जी सोय एकावर ती दुसऱ्यावर हवीच. शेवटी लारियनचे प्रमुख स्वेन व्हिंके आणि एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी बसून तोडगा काढला, एसवर वाटून खेळण्याची सोय वगळायची मुभा मिळाली आणि डिसेंबरात गेम एक्सबॉक्सवर उतरला. चिनी 'ब्लॅक मिथ: वूकाँग'ला तर पीएस५ आणि पीसीनंतर पुरतं एक वर्ष लागलं, ऑगस्ट २०२४ ते ऑगस्ट २०२५. त्याच्या प्रमुखांनी बोट ठेवलं ते १० जीबी सामायिक मेमरीवर.

यावरून सीरीज एसने सगळी पिढी मागे खेचली, असा सूर लावणारे पुष्कळ आहेत. मला तो सूर मान्य नाही. भारतात एस ३४,९९० रुपयांना आला, एक्स आणि पीएस५ ४९,९९०ला. पंधरा हजारांचा हा फरक म्हणजे कित्येक घरांत 'घेऊ या' आणि 'राहू दे' यांतला फरक. स्वस्त यंत्र असणं ही चूक नव्हती. चूक दोन ठिकाणी झाली: काटकसर मेमरीत केली, आणि त्यावर ताठर नियम लादला. नियम एका बैठकीत वाकला. मेमरी वाकत नाही. शिवाय लारियनने हार मानली नाही. २०२५च्या एप्रिलमधल्या आठव्या पॅचमध्ये तीच वाटून खेळण्याची सोय सीरीज एसवर आली. यंत्र तेच, १० जीबी तेच. दरम्यानच्या काळात कोणीतरी चिकाटीने बसून मेमरीतला एकेक कोपरा साफ केला होता. त्याचा फायदा इतर यंत्रांवर खेळणाऱ्यांनाही होतोच, हे एसला शिव्या घालणारे सहसा सांगत नाहीत.

गेम कशावर विकायचा, हा तिसरा मुद्दा बाहेरून क्षुल्लक दिसतो, पण निन्टेन्डोने त्याच्यापायी एक अख्खं दशक घालवलं. १९९६च्या निन्टेन्डो ६४ने कार्ट्रिज कायम ठेवली, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे कॅसेट म्हणत ती. तिच्यात जास्तीत जास्त ६४ एमबी मावत. प्लेस्टेशनच्या सीडीत ६५०. वर कार्ट्रिज महाग, ती निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायची, पैसे आधी मोजायचे, आणि गेम पडला तर गोदामात पडून राहिलेला माल आपला. सीडी मात्र हवी तेव्हा, हवी तितकी छापता येई. स्क्वेअर या जपानी गेम कंपनीने निन्टेन्डोशी वर्षानुवर्षांचा घरोबा मोडून 'फायनल फँटसी ७' १९९७मध्ये प्लेस्टेशनवर आणला, तीन सीडींवर. एन६४ची चिप तिच्या काळात कमी नव्हती. अँजेल स्टुडिओजने १९९९मध्ये दोन सीडींचा 'रेझिडेन्ट ईव्हिल २' व्हिडिओसकट त्या ६४ एमबीत कोंबून दाखवला. पण अशी कसरत एखाद्या गेमसाठी होते, सगळ्या धंद्यासाठी नाही.

तोच धागा आज स्विच २पर्यंत आलाय. जून २०२५मध्ये आलेल्या या यंत्रात १२ जीबी मेमरी आहे आणि एनव्हिडियाचं डीएलएसएसही, म्हणजे छोट्या चित्रावरून मोठं चित्र घडवण्याचं तंत्र. पहिल्याच दिवशी 'सायबरपंक २०७७' ६४ जीबीच्या कार्डावर हजर होता. हा तोच गेम, जो डिसेंबर २०२०मध्ये पीएस४वर इतका कोलमडला की सोनीने तो दुकानातूनच काढून टाकला. पण बऱ्याच कंपन्यांनी खरं कार्ड न देता नुसतं किल्लीचं कार्ड द्यायचं ठरवलं: डब्यात कार्ड, गेम मात्र डाउनलोड. कार्डाच्या किमतीवरून ओरडा झाला. 'स्टार वॉर्स आउटलॉज'च्या एका डेव्हलपरने मात्र वेगळं कारण दिलं. त्यांचं इंजिन खेळता खेळता जग साठवणीतून सतत ओढून घेतं, आणि त्या कार्डाचा वाचण्याचा वेग त्याला पुरत नव्हता. यंत्राच्या पोटातल्या साठवणीवर उतरवणं भाग होतं. टेराफ्लॉपच्या तक्त्यात हा आकडा शोधूनही सापडणार नाही.

पुढच्या पिढीचे आराखडे आता कागदावर आहेत आणि नेमक्या याच वेळी मेमरी महागली आहे. एआयच्या डेटा सेंटरनी चिपचा पुरवठा ओढून घेतल्यामुळे २०२५च्या अखेरीस भाव भडकले. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबरात क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. कन्सोल कंपन्यांच्या हिशेबनिसांना कात्री कुठे लावायचा मोह होईल हे उघड आहे. ग्राफिक्सचे टेराफ्लॉप जाहिरातीत दिसतात, मेमरीचे जीबी दिसत नाहीत, म्हणून कात्री मेमरीवर पडेल. माझं मत विचाराल तर त्यांनी ग्राफिक्स चिप एक पायरी खालची घ्यावी, खुशाल घ्यावी, आणि मेमरीला हात लावू नये. धूसर चित्र पॅनिक बटनसारखी माणसं सांभाळून घेतात. न मावणारं जग सांभाळायला लारियनलासुद्धा दीड वर्ष लागलं, आणि लारियनइतकी सवड प्रत्येकाकडे नसते.